न बोलावता
सीमेपलीकडून सर्बियात आलेला हंगेरियन बालिंट आमच्या समोरच राहतो. आमच्या घराण्याच्या संताच्या सणाला सर्ब, रुमानियन, स्लोव्हाक, अख्खी गल्ली न बोलावताच जेवायला येते. हा मात्र आमंत्रण आलं नाही म्हणून तीन वर्षं खिडकीत तोंड फुगवून बसलेला. माझी बायको देसांका दरवर्षी त्याचं ताट मांडून वाट बघायची.

यंदा त्यानेच डुक्कर कापलं आणि घरोघर फिरून आमंत्रण दिलं. कुणी फिरकलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो तणतणत आला. "एवढा परका आहे का मी?"

"परकं तूच केलंस आम्हाला," मी म्हणालो. "आपल्या माणसांना कुणी आमंत्रण देतं का? सरळ यायचं, बसायचं, जेवायचं."

त्याला ते इतकं पटलं, की आता तो रोज दोन्ही वेळा येतो, बसतो, जेवतो.

काल देसांका हळूच म्हणाली, "अहो, त्याला एकदा रीतसर आमंत्रण द्या ना."