कुरळ्या बटा आणि एक तीळ

“कुरळे करा. अगदी या फोटोतल्यासारखे,” म्हणत त्या बाईनं फोटो पुढे केला, तेव्हा पार्लरवाल्या ताई मनातून खूश झाल्या. वसंत ऋतूसाठी मागवलेलं सामान कालच आलं होतं. केस कुरळे करायचं नवं मशीन, गरम हवेचा ब्रश आणि बारा रंगांची आयशॅडोची पेटी. सकाळी मशीन स्वतःवर चालवून बघताना ताईंनी कानाची पाळी भाजून घेतली होती. आता आयतं डोकं समोर आलं होतं.

फोटोतली बाई खळखळून हसत होती. खांद्यावर कुरळ्या बटा, पापण्यांना पिस्ता रंग, गालावर टपोरा तीळ. खुर्चीतली बाई तिच्याच वळणाची, पण सरळ केसांची आणि ओढलेल्या चेहऱ्याची. ‘नवऱ्याला भुलवायचं दिसतंय,’ ताईंनी अंदाज बांधला. अंदाज बांधण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. ते खरे निघतात का, हे मात्र त्या बघायला जात नसत.

“तुमचाच का हो जुना फोटो?”

“नाही. माझी मोठी बहीण. या थंडीत गेली. अपघातात.”

ताईंचा हात थबकला. अंदाज पुन्हा एकदा तोंडावर पडला होता.

“आईला सांगितलेलं नाही,” ती आरशाकडे न बघता बोलत राहिली. “तिचं हृदय नाजूक आहे. परदेशी नोकरी लागली म्हणून थाप मारली. आई रोज विचारायची, थोरली कधी येणार? दहा दिवस झाले, विचारणंच सोडलंय. आणि जेवणंही. दोन घोट पाणी, बस. तिला वाटत असणार, लेक आपल्याला विसरली.”

“मग आज तुम्ही...”

“दर वर्षी थंडी सरली की ती काहीतरी नवं करून घ्यायची. केस, डोळे, काहीही. आणि आईसमोर गिरकी घ्यायची. आईला आता धूसर दिसतं, म्हणते तरी तसं. आमचे आवाज इतके सारखे, की फोनवर कोण बोलतंय ते तिला कधीच ओळखू आलं नाही. एकदा थोरली दिसली, की जेवेल.”

“अहो, पण हे नाटक अंगाशी आलं तर?”

“न जेवता किती दिवस काढेल ती?”

ताईंनी मशीनचं बटण दाबलं.

बट गुंडाळायची, मनात दहा म्हणायचे, अलगद सोडायची, तळहातावर निवू द्यायची. पहिली बट फारच वळली. ताईंनी ती ब्रशनं सैल केली आणि मग हात बसला. पिस्ता रंगानं मात्र छळलं. पहिल्या हाताला पापण्या थेट बेडकाच्या दिसू लागल्या. दोघी आरशात बघून हसल्या. ताईंनी रंग पुसला, बोटाच्या टोकानं पुन्हा विरळ लावला. गालांना लाली, ओठांना गुलाबी.

शेवटी ताई खुर्चीमागे उभ्या राहिल्या. फोटो आरशाच्या कडेला खोचलेलाच होता. खांद्यावरून हात पुढे नेत, आरशात बघत, त्यांनी पेन्सिलनं तीळ काढला. आता आरशात दोघी बहिणी शेजारीशेजारी दिसत होत्या.

“जा आता,” तिच्या खांद्यावरची बट सारखी करत ताई म्हणाल्या. “आणि गिरकी विसरू नका.”

ती गेली. गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावरच घर होतं तिचं. ताईंनी केस झाडले, मशीन गार करायला ठेवलं. फोटो तसाच राहिला होता. त्यांनी तो काढून समोर धरला आणि स्वतःच्या गालाला हात लावून बाजू पुन्हा पडताळली.

फोटोतली बाई समोर तोंड करून उभी होती. म्हणजे फोटोत डावीकडे दिसणारा तीळ तिच्या उजव्या गालावर. ताईंनी मात्र आरशात बघून बाजू जुळवली होती, आणि तीळ जाऊन बसला होता डाव्या गालावर. वीस वर्षांच्या हाताकडून नवशिकीची चूक! पोरीला जन्म देणाऱ्या आईला तिळाची बाजू कळणार नाही?

पेन्सिल आणि कापूस मुठीत धरून ताई तशाच धावत सुटल्या.

दार उघडंच होतं. आई उशांना टेकून बसली होती आणि धाकटी तिला चमच्यानं सूप भरवत होती. वाटी जवळजवळ रिकामी झाली होती.

“यंदा फार छान दिसतेस गं, थोरले,” आई म्हणाली. तिचा हात लेकीच्या उजव्या गालावर गेला, जरा घुटमळला आणि मग कुरळ्या बटांत शिरला. “गिरकी घे बघू.”

लेकीनं गिरकी घेतली. म्हातारी टाळ्या वाजवत हसली. “अजून वाढ थोडं.”

दारातल्या ताईंचा जीव भांड्यात पडला. बाजूबिजू काही कळलेली नव्हती.

“ही माझी मैत्रीण,” धाकटी घाईघाईनं म्हणाली आणि वाटी घेऊन स्वयंपाकघरात पळाली. किती दिवसांनी तिच्या पावलांत जोर आला असेल, असं ताईंना वाटून गेलं. तीळ दुरुस्त करायला त्या तिच्यामागे निघाल्या, तोच म्हातारीनं त्यांचं मनगट धरलं. मुठीतल्या पेन्सिलीकडे तिनं नीट निरखून पाहिलं.

“तीळ उजव्या गालावर होता तिच्या,” ती हळूच म्हणाली. “पुढच्या वेळी नीट काढा हं. नाहीतर मला सगळं कळलंय, हे धाकटीला कळेल.”