नंतर आलेला हायड्रोजन

"आणि हे आमचे पाहुणे." यादव सरांनी अमोनियमच्या मॉडेलमधल्या लाल गोळ्याला टिचकी मारली.

मधोमध निळा नायट्रोजन. त्याच्याभोवती सायकलच्या तारांवर बसवलेले तीन पांढरे हायड्रोजन आणि एक लाल. लाकडी गोळे सरांनी सुताराच्या डोक्यावर बसून करून घेतले होते. शहाण्णव साली तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मॉडेलचा पहिला नंबर आला तो या लाल गोळ्यामुळेच, परीक्षक तिथंच थांबतात, असं ते सायखेड्यात भेटेल त्याला सांगत. उद्या सकाळी मॉडेल नाशिकच्या प्रदर्शनाला निघायचं होतं.

"हा आला तेव्हा याच्याकडे एकही इलेक्ट्रॉन नव्हता. बंध जोडायला तर दोन लागतात. नायट्रोजनकडे एक जोडी शिल्लक होती, ती त्यानं पुढे केली. दोन्ही इलेक्ट्रॉन एकाचेच. हा कोऑर्डिनेट बॉण्ड. काही शंका?"

शंका विचारायची अकरावीत पद्धत नव्हती. तरी छाया उभी राहिली. पहाटे झेंडू खुडून ती थेट कॉलेजात येई.

"सर, यातला एक हायड्रोजन परत निघाला, तर हा लालच जाईल का?"

"छे. चारांतला कुठलाही जाईल. एकदा बंध झाला की चारही..." सर थांबले.

"मग याला लाल का ठेवलाय? आला तव्हा येगळा व्हता, सर. आता नाय."

सरांनी फेकलेला खडू नेमका लागतो, हे ठाऊक असल्यानं पुढच्या बाकांनी माना खाली घातल्या. सर मॉडेल डोळ्यांपुढे धरून फिरवत राहिले. बावीस वर्षं ते हेच शिकवत होते आणि हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांनी स्वतःही नाही. पोरीचं त्यांना फार कौतुक वाटलं. हातातलं बक्षीस गेल्याचं थोडं वाईटही वाटलं.

"सहादू," त्यांनी प्रयोगशाळेच्या शिपायाला हाक मारली, "पांढरा रंग आण."

लाल गोळ्याला रंगाचे दोन हात द्यावे लागले. मग तो एकटाच नवाकोरा दिसू लागला, म्हणून सरांनी उरलेल्या तिघांनाही रंग दिला.

सकाळी एसटी स्टँडवर त्यांनी मॉडेल छायाच्या हातात ठेवलं. "तिथं तूच बोलायचं. नंतर आलेला कोणता, असं विचारलं तर?"

छायानं मॉडेल उलटसुलट करून पाहिलं. "खरंच वळखू येत नाय, सर."

"मलाही नाही," सर म्हणाले, "आणि रंग मी दिलाय."