सरांच्या मोबाइलवरचा कोड

रक्तपेढीतून तिसरा फोन आला. "मॅडम, रक्तगटांची यादी अजून उघडत नाहीये. पेशंट ऑपरेशन टेबलावर आहे!"

हॉस्पिटलचे सगळे सर्व्हर जिथून चालू-बंद होत, ते वेबपान संगणक विभागातल्या वृंदासमोर होतं. पासवर्ड बरोबर होता, पण आत जायला कोडही लागायचा आणि तो यायचा उंडाळकर सरांच्या मोबाइलवर.

हे पान बाहेरच्या कुणालाही उघडता येतं, अशी तक्रार वृंदानेच केली होती. त्यावरून गेल्या आठवड्यात विभागप्रमुख असलेल्या सरांची नोकरी गेली.

तिला खुर्चीत बसवेना. उभ्यानेच तिने फोन लावला.

"सर, तो कोड..."

सरांनी सावकाश सहा आकडे वाचले.

वृंदाने ते टाकले आणि बंद पडलेला सर्व्हर सुरू केला. यादी उघडल्याचा निरोपही आला. सरांनी फोन ठेवला नव्हता.

"ते पान बाहेरच्यांसाठी बंद केलंस?"

"हो. पण सर, ती तक्रार मी..."

"बरोबर होती. वर्षभर मीच उद्यावर ढकलत होतो."

कोड ज्या नंबरवर जातो, ती नोंद वृंदाने उघडली. "आता तुमचा नंबर काढावा लागेल, सर."

"काढ. पण आधी तुझा घाल, नाहीतर तूही बाहेर राहशील."