मोराचा डोळा

“आजबी डोळा गेला की गं!” आण्णाप्पा लॅपटॉपच्या पडद्यात नाक खुपसून म्हणाले.

साडीच्या पदरावरचे बाकी सगळे मोर जागच्या जागी होते. तुरे होते, पिसारे होते. फक्त शेवटच्या मोराचा डोळा, जो त्यांनी काल संध्याकाळी स्वतःच्या हातानं भरला होता, तो पुसल्यासारखा साफ.

रचना वाकून बघू लागली. “ह्ये सॉफ्टवेअरबी त्यातलंच. आत केलेलं काम सांभाळून ठेवत न्हाय. दुसरं बघूया, आप्पा.”

आण्णाप्पांनी तोंड वाकडं केलं. पण खरं सांगायचं तर आतून त्यांना लई बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लाजही वाटली. पोरीच्या कामात खोडा पडावा आणि बापानं खूश व्हावं, हे काय चांगलं लक्षण आहे का?

शहापुरातल्या त्यांच्या घरात खाली माग आणि माडीवर साड्यांच्या नक्षीचं काम. नक्षी काढायचा प्रोग्रॅम जुन्या विंडोजवरचा. त्यांच्या कॉम्प्युटरचं जुनं धूड एक दिवस जे बंद पडलं ते पडलंच, दुरुस्तीवाल्यानंही हात टेकले. नक्ष्या तेवढ्या वाचल्या. रचनाच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स, तिथं तो प्रोग्रॅम उघडेना. नव्या नक्षीवाचून माग गप्प झाला. तेवढ्यात रचनाला जर्मनीत नोकरी लागली. “आप्पांचा प्रोग्रॅम चालू करून, लॅपटॉप त्यास्नीच देऊन, मगच जाणार,” असा शब्द तिनं सगळ्यांसमोर दिला होता, आणि त्यासाठी लॅपटॉपमध्ये व्हर्च्युअल मशीन बसवायला घेतलं होतं.

“ह्ये व्हर्च्युअल मशीन म्हंजे काय असतंय गं?” त्यांनी तेव्हा विचारलं होतं.

“भाडेकरू ठेवल्यागत हाय, आप्पा. घर माझ्या लॅपटॉपचं. आतल्या खोलीत जुन्या विंडोजचं बिऱ्हाड. त्येला वाटतंय, सगळं घर आपलंच.”

“आपण कुणाच्या तरी घरात हाय, ह्ये त्येला ठावं नसतंय?”

“कशाला ठावं असतंय! ते आपलं आत सुखात असतंय.”

हे बोलणं आण्णाप्पांच्या मनात घर करून बसलं. दुपारी डुलकी लागली की त्यांना घराच्या आत घर दिसे. तिथला माग खटाखट चाले, ऊन जिन्यावरून सावकाश खाली उतरे, आणि शाळेच्या फ्रॉकातली रचना पायरीवर बसून रेशमाचे रंग निवडत असे. त्या घराला बाहेरचं दारच नव्हतं. कुणी कुठं जायचा प्रश्नच नव्हता. जाग आली की शेजारच्या मागांचा आवाज तेवढा कानावर येई, आणि ते बराच वेळ तसेच पडून राहत.

हे बिऱ्हाड थाटायला आधी फुकटातलं सॉफ्टवेअर झालं. डोळा टिकेना. मग विकतचं, पण थोडे दिवस तसंच वापरून बघायला देतात ते. त्यात मोर कसे झळाळून दिसले! दुसऱ्या दिवशी डोळा गायबच. आता हे तिसरंही तसलंच निघालं.

आणि आण्णाप्पांच्या घराची रीत अशी की मोराचा डोळा सगळ्यात शेवटी भरायचा. डोळा उघडला की नक्षी पुरी झाली, मग ती मागावर चढवायची. डोळा नाही तोवर काम अपुरं.

“तुमचं मोर पोरीच्या नशिबाला आडवं आलं बघा,” मालुबाई नवऱ्यावर करवादली. “नोकरी लागली म्हणून साऱ्या गल्लीत पेढ्यागत कुंदा वाटून आलासा. आता बायका इचारत्यात, कवा जाणार म्हणून.”

रचनानं कंपनीला कळवून जायची तारीख पुन्हा पुढं ढकलली. आईनं आणलेला जाड स्वेटर अजून दुकानाच्या पिशवीतच होता.

“दुपारचं तुमी पडा जरा, आप्पा,” ती रोजच्यासारखं म्हणाली. “मी बघती ह्येच्याकडं.” आणि तिनं माडीचं दार ओढून घेतलं.

संध्याकाळपर्यंत चौथं सॉफ्टवेअर बसलं. आण्णाप्पांनी चष्मा पुसला, माऊस धरला आणि मोराचा डोळा भरला. भरता भरता मनात म्हणाले, ‘टिकू नको रं बाबा.’

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना झोप येईना. मन खाऊ लागलं. आपण बाप की वैरी? पोरीचं सोनं व्हायची वेळ आली आणि आपण मोराला नवस बोलतोय! ते उठले. ‘मी पूर्वीगत कागदावर चौकटी आखून काढीन नक्षी. तू उद्याच्या उद्या नीघ,’ हे वाक्य मनाशी घोकत ते अनवाणीच जिना चढले.

दार अर्धवट उघडं होतं. रचना पाठमोरी बसली होती. पडद्यावर शेवटच्या मोराचा डोळा, काल भरला तसाच, टक्क उघडा होता.

टिकला! संपलं, आता ही जाणार. आत जायला त्यांनी दाराला हात लावला.

रचनानं ओढणीनं स्वतःचे डोळे पुसले, माऊस पुढं सरकवला, आणि मोराचा डोळाही हळूच पुसून टाकला.