आठ बोटं

मिरजेच्या गिअरबॉक्स दुरुस्ती प्रशिक्षण केंद्रात आता कुणाला काही शिकावं लागत नसे. यंत्रचलित हातमोजे चढवले की तेच गिअरबॉक्स ओळखून बोटं फिरवत. हसीना मुजावरची दोन बोटं कारखान्यातल्या प्रेसखाली गेली होती, त्यामुळे तिला मोजा चालेना. आठ महिने ती एक मोडीतला गिअरबॉक्स उघडून पुन्हा पुन्हा जोडत राहिली.

परीक्षेच्या दिवशी एका गावाची एकुलती एक रुग्णवाहिका दुरुस्तीला आली. तिचा जुनाट गिअरबॉक्स मोज्यांना ओळखताच येईना. सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले.

“मी उघडू, सर?” हसीनानं विचारलं.

“वेळ लागेल, ताई,” वर्ग घेणारे पाटणे सर म्हणाले.

“लागू दे.”

चार तास लागले. रुग्णवाहिका फाटकाबाहेर पडली. पहिला, दुसरा, तिसरा गिअर अलगद पडत गेला. सर वर्गाकडे वळले.

“मोजे काढा आणि ताईंजवळ या.”