सूनबाईचं वायफाय

"तुमचा विश्वास बसणार नाही," मी बागेतल्या मंडळींना म्हणालो. "सूनबाईची नोकरीची ऑनलाइन मुलाखत दहा मिनिटांवर, आणि तिच्या लिनक्सच्या लॅपटॉपवर वायफाय बंद! ते चालवणारा ड्रायव्हरच गायब. तो आणायला नेट हवं, आणि नेटला तोच ड्रायव्हर!"

"मग हो?" खानोलकर पुढे सरकले.

"पोरगी डगमगली नाही. मोबाइल वायरीनं जोडला, त्याच्या नेटवरून ड्रायव्हर उतरवायला काळ्या पडद्यावर अशी टाइप करत सुटली, की कीबोर्डातून धूर निघाला. मी पुठ्ठ्यानं वारा घातला! वायफाय लागलं, नोकरीही लागली. ड्रायव्हर गेला कसा, ते मात्र देवालाच ठाऊक."

"देवाला कशाला, बाबा?" ऑफिसातून परतणारी सूनबाई मागून म्हणाली. "जागा अडवतोय म्हणून तुम्हीच उडवलात ना?"