मधले तीन भाग

"पहिले चार भाग जबरदस्त!" चाहत्यांच्या मेळाव्यात मी माईकवर म्हणालो. "पण पाच, सहा, सात? अंतराळयान नुसतं भरकटतंय, कॅप्टन उगाच रडतेय. तीन आठवडे डोकं पिकवलंत. शेवटच्या आठव्यात पुन्हा तीच धार. मधले तीन लिहिले कुणी?"

टाळ्या पडल्या. मालिका नवरा-बायकोने मिळून लिहिलेली, मंचावर मात्र एकट्या शर्मिष्ठाताई. सूत्रसंचालक उठला, त्यांनी त्याला हातानेच बसवलं.

"ह्यांची सवय, शेवट आधी लिहायचा," त्या म्हणाल्या. "आठवा तयारच होता. चौथा संपवला आणि त्याच आठवड्यात हे गेले. कुणाला कळवलं नाही आम्ही."

माईक चालूच होता. माझा श्वास सभागृहभर ऐकू येत होता.

"मधले तीन माझे. शेवट ठाऊक होता. तिथवर जायचं कसं, तेच कळत नव्हतं."